शोपँची नॉक्टर्न्स, एकत्रित खंड: जरूर घ्या, पण मागचे तारे मोजू नका

म्हार्दोळला भजनात बाबा पेटीवर बसायचे. त्यांच्या शेजारी बसून माझी बोटं पट्ट्यांवर फिरायला लागली. पियानोकडे वळले ती थेट चाळिशीत, मडगावच्या एका टीचरकडे. तेव्हा हा अभिप्राय पेटीवरून पियानोवर आलेल्या बाईचा आहे, हे धरून वाचा.

खंडात पोलिश संगीतकार शोपँची २१ नॉक्टर्न्स आहेत, म्हणजे पियानोवरच्या, रात्रीच्या शांततेतल्या वाटाव्यात अशा रचना. छपाई सुरेख, अक्षर मोठं, बोटांचे आकडे बहुतेक ठिकाणी माझ्या लहान पंजालाही सोयीचे. बांधणी मात्र कच्ची. पुस्तक स्टँडवर उघडं राहतच नाही, दोन्ही कडांना कपड्यांचे चिमटे लावावे लागतात. पावसाळ्यात पानं दमट होऊन वाकली, ती वेगळीच.

माझी खरी तक्रार मागच्या यादीबद्दल आहे. प्रत्येक रचनेपुढे अवघडपणाचे तारे दिलेत, एक ते पाच. १८७५ साली, म्हणजे शोपँ गेल्यावर छापलेल्या सी शार्प मायनर या स्वरातल्या नॉक्टर्नला दोनच तारे! मी त्या ताऱ्यांवर विसंबून तेच आधी घेतलं. पहिलं पान आठवड्यात बसलं. शेवटच्या पानावर गाडी अडली. तिथे डाव्या हाताचे चार स्वर चालू असताना उजव्या हाताला १८ स्वर घ्यायचे असतात, मग तेवढ्याच वेळात ३५, पुढे ११ आणि १३. मी महिनाभर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून रेटत होते आणि दर वेळी डावा हात उजव्यामागे धावत सुटायचा.

टीचरनी पेन्सिल घेतली आणि ३५ चे चार तुकडे पाडले: ८, ९, ९, ९. मग आठवडाभर नुसता डावा हात. "सवकास, बाय, सवकास," म्हणजे हळू, बाई, हळू, एवढंच कोंकणीत म्हणायच्या. दोन्ही हात जुळल्यावर मात्र त्यांनी त्या रेघा मलाच खोडायला लावल्या, कारण तुकडे ऐकू आले तर सगळं वाया. रेघा गेल्या आणि मला एकदम बाबांची पेटी आठवली. तबल्याचा ठेका जागचा हलत नाही, तान हवी तशी पसरते आणि बरोबर समेवर येऊन टेकते. शोपँही शिष्यांना चांगले गायक ऐकायला सांगायचा आणि डाव्या हाताने लय सोडू नये असा आग्रह धरायचा. हे दोन तारे देणाऱ्याने लक्षात घ्यायला हवं होतं.

सगळ्यांना पाठ असलेलं ई फ्लॅट मेजर, ओपस ९ मधलं दुसरं (ओपस म्हणजे छापलेल्या रचनांचा क्रमांक), याला तीन तारे आहेत. स्वर वाचायला ते सोपंच आहे. पण डावा हात दर ठोक्याला खालचा स्वर घेऊन वर दोन कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांवर) उडी मारतो, आणि ती उडी कानाला जाणवता कामा नये. वरची चाल परत परत येते, दर वेळी नवी हरकत घेऊन. बोटं बसायला मला दोन महिने लागले. हरकत गळ्यातून आल्यासारखी वाटायला वर्ष गेलं, आणि अजून रोज जमत नाही. त्याच ओपसमधल्या पहिल्यात डाव्या हाताच्या सहांवर उजव्याचे अकरा येतात, तेही सुरुवातीलाच. निदान ते आधीच सावध करतं.

ओपस ४८ चं सी मायनर मी उत्साहाने उघडलं होतं. संथ सुरुवात बघून फसू नका. मधे ऑक्टेव्हचा, म्हणजे सप्तकाच्या अंतरावरच्या जोडस्वरांचा, लोंढा येतो आणि मग मूळ चाल दुप्पट लयीत परतते. टीचरनी पान मिटलं. याचे पाच तारे मात्र अगदी खरे.

नवख्यांनी ओपस ५५ चं एफ मायनर किंवा ओपस ३७ चं जी मायनर घ्यावं. त्याही आधी जॉन फील्डची घ्या. हा प्रकार सुरू केला तो या आयरिश माणसाने, आणि त्याची पहिली नॉक्टर्न्स १८१४ च्या सुमारास छापली गेली. ती या खंडात अर्थातच नाहीत, वेगळी मिळवावी लागतात.

घ्यायचं तर दिवाळीनंतर घ्या, हवा कोरडी असताना. आणि पहिल्याच दिवशी पाठीच्या बाजूने शिवून घ्या. माझं आता फोंड्यात बाइंडरकडे गेलंय.