जुना ‘जुरासिक पार्क’ की नवा ‘जुरासिक वर्ल्ड’?

सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीतले सासरे यांच्यासह रविवारी घरी यांपैकी कोणता चित्रपट पाहावा, असे बहिणीने विचारले. १९९३ चा १२७ मिनिटांचा, २०१५ चा १२४ मिनिटांचा. त्यामुळे वेळेचा प्रश्न तिथेच मिटतो.

भीतीचा प्रश्न मात्र मिटत नाही. दिग्दर्शक स्पीलबर्ग यांच्या जुन्या चित्रपटात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात. उरलेला थरार पेल्यातल्या पाण्यावर उठणाऱ्या वलयांतून आणि स्वयंपाकघरात दडलेल्या दोन भावंडांच्या रोखलेल्या श्वासांतून उभा राहतो, आणि न दिसलेलीच गोष्ट मुलांना रात्री अधिक छळते. नव्या चित्रपटात प्राणी भरपूर दिसतात, पण मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या तरुणीचा त्यातील अंत मला विनाकारण क्रूर वाटतो. तिथे रिमोट हाताशी असावा.

जुन्याचा टी-रेक्स हा अजस्र मांसाहारी डायनासोर तासाभराने प्रकटतो, तोवर चिमुरडी चुळबुळ करणारच. नव्याचा वेग अधिक आहे, शिवाय इरफान खान यांच्यामुळे आजोबांनाही ओळखीचा चेहरा भेटतो.

चंचल मुले आणि गप्पांचा घोळका असेल, तर नवा लावावा. मुले दहाच्या पुढची असतील आणि दिवे मालवून शांतपणे पाहायचे असेल, तर जुनाच.