नर्सिंगची ‘शून्य फी’ सीट : फसवणूक कुठून सुरू होते आणि पैसे कुठे जातात

बारावी सायन्सचा निकाल लागला की घरोघरी फोन सुरू होतात. ‘बी.एस्सी. नर्सिंगला सीट आहे. सीईटीचं आम्ही बघतो. मुलींना फी माफ आहे, तुम्ही फक्त पंचवीस हजार भरून सीट बुक करा, बाकी सगळं स्कॉलरशिपमधून निघेल.’ यातलं ‘मुलींना फी माफ’ हे अर्धं खरं असतं, आणि पालक नेमके त्या अर्ध्यावर विश्वास ठेवतात.

खरं काय ते आधी बघा. महाराष्ट्र सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसीतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत ५० टक्क्यांवरून १०० टक्के झाली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर (म्हणजे कॉलेजने स्वतः भरलेल्या जागेवर) घेतलेल्या सीटला ही सवलत नाही. अभिमत आणि खाजगी विद्यापीठंही यात नाहीत. एजंट जी सीट विकतो ती जवळपास नेहमी संस्था स्तरावरचीच असते, कारण कॅपची सीट विकता येतच नाही.

त्यामुळे पुढचा क्रम ठरलेला. ऑगस्ट-सप्टेंबरात प्रवेश होतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, फॉर्म भरताना कॅपचं अलॉटमेंट लेटर मागितलं जातं, ते नसतं. एजंट म्हणतो, ‘भरून टाकू काहीतरी.’ मग अर्ज छाननीत परत येतो किंवा नामंजूर होतो, आणि हे विद्यार्थिनीला कळत नाही, कारण नोंदणीला मोबाइल नंबर एजंटचा दिलेला असतो. वर्षाअखेरी कॉलेज पूर्ण फी मागतं आणि फी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नाही. एजंटकडे गेलेले पंचवीस हजार फीत धरलेलेच नसतात. पावती नीट पाहिली तर ते आधीच दिसलं असतं. कॉलेजचं छापील नाव नाही, क्रमांक नाही, नुसतं ‘प्रोसेसिंग’ किंवा ‘देणगी’ लिहून खाली सही. देणगीच्या नावाखाली प्रवेशासाठी पैसे घ्यायला महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ती सही कोणाची हे सहसा वाचता येत नाही.

दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात शिष्यवृत्ती खरोखर मंजूर होते आणि तरी हातात येत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत (उत्पन्न मर्यादा अडीच लाख) केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, राज्याचा ४० टक्के वेगळा येतो. शिक्षण शुल्काचा भाग विद्यार्थ्याने कॉलेजला भरायचा, निर्वाह भत्ता स्वतःचा. दोन हिस्से वेगवेगळ्या वेळी येत असल्याने ‘अजून आली नाही’ हे थाप म्हणून सहज खपतं.

पैशांची पळवापळवी बँक खात्यावरून होते. डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे, अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहा, तुमच्या आधारशी एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत जे खातं जोडलेलं आहे त्यातच जातात. शेवटचं जोडलेलं खातं तेच चालू मानलं जातं. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये टेबल लावून पंधरा-वीस मुलींची ‘स्कॉलरशिपची खाती’ उघडली जातात. एका फॉर्मवर डीबीटीच्या संमतीची टिक, बोटाचा ठसा, आणि जुनं खातं गुपचूप बाजूला. पासबुक ऑफिसात, एटीएम कार्ड ऑफिसात, खात्याला जोडलेला मोबाइल क्लार्कचा. सोबत पैसे काढण्याच्या चार-पाच कोऱ्या स्लिपांवर सह्या, ‘दरवेळी बोलवायला नको म्हणून’. हिमाचल प्रदेशात ज्या शिष्यवृत्ती घोटाळ्याचा तपास २०१९ मध्ये सीबीआयकडे गेला, त्यातही विद्यार्थ्यांच्या नावाने उघडलेल्या खात्यांचाच आरोप आहे. म्हणजे युक्ती नवी नाही.

तुमचं आधार कोणत्या बँकेच्या खात्याशी जोडलं आहे ते ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये ओटीपी टाकून दिसतं. तिथे अनोळखी बँकेचं नाव आलं तर आपल्या जुन्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा (खात्याला आधार जोडण्याचा) फॉर्म पुन्हा द्या आणि पोच घ्या. नवं खातं तसंच ठेवायचं असेल तर शाखेत स्वतः जाऊन मोबाइल नंबर बदला, एटीएम कार्ड ब्लॉक करा, खातं उघडल्यापासूनचं स्टेटमेंट घ्या. कोणत्या तारखेला किती जमा झाले आणि त्याच दिवशी किती निघाले, हेच पुढे पुरावा होतं. महाडीबीटीचा युजर आयडी, पासवर्ड, अर्जाचा क्रमांक स्वतःजवळ ठेवा आणि ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका, कॉलेजच्या क्लार्कलाही नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला, मग विभागाच्या लॉगिनला जातो. नेमका कुठे अडकला आहे ते तुमच्या लॉगिनमध्येच दिसतं. ‘वरूनच आलं नाही’ म्हणणाऱ्या क्लार्कसमोर ते स्क्रीन उघडून धरलं की बहुतेकदा सूर बदलतो.

प्रवेशाआधी आणखी दोन गोष्टी तपासायच्या. बी.एस्सी. नर्सिंगचं कॉलेज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी त्या वर्षासाठी संलग्न आहे का, आणि मंजूर जागा किती. जागा ४० आणि वर्गात ७० मुली असतील तर उरलेल्या ३० जणींची विद्यापीठात नोंदणीच होत नाही. त्यांना ना परीक्षा, ना शिष्यवृत्ती. एएनएम, जीएनएम या नर्सिंगच्या पदविका अभ्यासक्रमांसाठी हीच चौकशी राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे करावी. खाजगी कॉलेजची बी.एस्सी.ची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण जाहीर करतं. त्याहून जास्त मागितलं तर तक्रारही तिथेच.

मूळ लिव्हिंग सर्टिफिकेट आणि मार्कलिस्ट एजंटच्या हातात कधीच देऊ नका. कॉलेजमध्ये मूळ कागद जमा करावेच लागले, तर लेटरहेडवर यादीनिशी पोच घ्या. आधी फोन करून सीट विकणारा पुढे कागद अडवूनच पैसे काढतो. ‘बाँड’ म्हणून सही केलेला कोरा स्टॅम्पपेपर किंवा कोरा चेकही नको.

पैसे गेले असतील तर: यूपीआयने ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पहिल्या काही तासांत केलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, आठवड्याने फारशी राहत नाही. खात्यातून शिष्यवृत्ती काढून घेतली असेल तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार, आणि त्याची प्रत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांना. ओबीसींसाठी इतर मागास बहुजन कल्याणच्या सहायक संचालकांना. तक्रार एकटीने न करता त्याच टेबलावर खातं उघडलेल्या चार-पाच जणींनी मिळून करा. सगळ्यांच्या स्टेटमेंटवर पैसे निघाल्याची तारीख आणि एटीएमचं ठिकाण एकच दिसलं, तर कॉलेजला ‘मुलीनेच काढले असतील’ असं म्हणता येत नाही.