किलोवर घेतलेली युद्धं

नाशिकला गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये किलोवर पुस्तकं विकायचं प्रदर्शन लागलंय. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रार आहे. भाव तीनशे रुपये किलो, मराठी-इंग्रजी सरसकट. इंदिरानगरहून सिटीलिंक बसने अकराला पोचलो आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर घरी आलो. दार उघडताना हिने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

मी घेतो ती पुस्तकं एकाच जातीची. लढाई चालू असताना खुर्चीवर कोण होतं आणि त्याने काय ठरवलं. ओझरच्या विमान कारखान्यात माझी चौतीस वर्षं इन्स्पेक्शनला गेली, त्यामुळे पुस्तकालाही गेज लावायची खोड आहे. भोकाचं माप तपासायच्या प्लग गेजला दोन टोकं असतात. 'गो' टोक भोकात सरळ गेलं पाहिजे, 'नो-गो' टोक अडलं पाहिजे. नो-गो आत गेलं की जॉब, म्हणजे तो सुटा भाग, रिजेक्ट, मग तो कितीही चकचकीत असो.

पुस्तकाचं 'गो' असं की मला त्या खोलीत जाता आलं पाहिजे. कोण कोण बसलं होतं, किती वाजले होते, हातात कुठली बातमी होती आणि कुठली अजून आलीच नव्हती. 'नो-गो' असं की पुढे काय झालं ते नेत्याच्या त्या दिवशीच्या डोक्यात शिरता कामा नये. आपल्याकडची बरीच चरित्रं इथेच पडतात. साहेबांना सगळं आधीपासून ठाऊक असतं.

तपासायला मी एकच तारीख शोधतो, १ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानी रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसलेले, रोख अखनूरकडे. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे येतात आणि यशवंतराव चव्हाण विमानदल वापरायला परवानगी देतात. इथवर सगळे सांगतात. मला पुढचं हवं असतं. संध्याकाळी पाचनंतर पठाणकोटहून जी विमानं उडाली त्यांत जुनी व्हॅम्पायर होती. वैमानिक बसतो तो पुढचा भाग प्लायवूडचा, आणि गाठ पाकिस्तानच्या सेबर जेटशी. चार व्हॅम्पायर त्या संध्याकाळी आपण गमावली. काही मारा तर आपल्याच रणगाड्यांवर झाला. पाकिस्तानची चढाई मग रेंगाळली, पण त्यात विमानांचा वाटा किती आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिथला सेनापती बदलला त्याचा किती, यावर अजून भांडणं आहेत.

एवढं सगळं मांडूनही तो निर्णय मला मोठाच वाटतो. उलट जास्त मोठा वाटतो, कारण कसल्या विमानांवर तो घेतला ते कळतं. जे पुस्तक 'क्षणाचाही विलंब न लावता परवानगी दिली' म्हणून परिच्छेद मिटवतं, ते मी टेबलावर परत ठेवतो.

आम्हा नाशिककरांना या पानावर जरा जपूनच राहावं लागतं. नोव्हेंबर १९६२ मध्ये कृष्ण मेनन संरक्षणमंत्रिपदावरून गेले, त्यांच्या जागी चव्हाण दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये लोकसभेवर निवडून आले ते नाशिकमधून, बिनविरोध. आमचे वडील जन्मभर सांगायचे, 'त्यांना आम्ही निवडून दिलं.' मतदान झालंच नव्हतं, हे मी त्यांना कधी बोललो नाही. आपला माणूस म्हटला की टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, आपोआप वाढतो.

चव्हाणांचं आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' घरी आहेच. सुंदर पुस्तक, पण १९४६ पर्यंत येऊन थांबतं. पुढचे भाग लिहायचे होते, १९८४ च्या नोव्हेंबरात ते गेले आणि दिल्लीची वर्षं आत्मचरित्रात यायची राहिली. म्हणून खालच्या खोक्यात आर. डी. प्रधानांचं १९६५ च्या युद्धावरचं इंग्रजी पुस्तक दिसलं तेव्हा मी अक्षरशः गुडघ्यावर बसलो. चव्हाणांची युद्धातली डायरी त्याच्या मुळाशी आहे. डायरी लिहिणाऱ्याला उद्याचं माहीत नसतं, म्हणजे नो-गो आपोआप अडतं. पण पुस्तक आलं २००७ मध्ये आणि प्रधान त्या काळातले चव्हाणांचे खासगी सचिव. आपल्या साहेबांबद्दल लिहिताना हात थोडा हलका पडणारच. कारखान्यात माप किंचित हुकलेला पण वापरता येणारा जॉब आम्ही 'कन्सेशन'वर पास करायचो. हे पुस्तक कन्सेशनवर पास, आणि पिशवीतलं सगळ्यात मोलाचं.

दुसरं एक जाडजूड चरित्र घेतलं, १९७१ च्या युद्धातले लष्करप्रमुख माणेकशांचं. त्यात एप्रिल १९७१ ची ती बैठक आहे, पूर्व पाकिस्तानात सैन्य घुसवायला पंतप्रधान इंदिरा गांधींना तोंडावर 'आत्ता नाही' सांगितल्याची. संवाद असे की लेखक टेबलाखाली बसून टिपून घेत होता. हा किस्सा माणेकशांनी स्वतः पुढे अनेक वर्षं सांगितला, रंगवून सांगितला आणि ऐकायला झकास आहे. पण श्रीनाथ राघवनसारख्या अभ्यासकाने दाखवलंय की त्या वेळी सरकारलाही लगेच सैन्य घुसवायची घाई नव्हती. मग एकट्या माणेकशांनी अडवलं कोणाला? चरित्रात या शंकेला एक ओळसुद्धा नाही. थेट १६ डिसेंबर, ढाका, त्र्याण्णव हजार युद्धकैदी. नो-गो सरळ आत. रिजेक्ट.

१९६२ च्या चीन युद्धावरची तीन चाळली. एकात सगळा दोष मेननांचा, एकात सगळा नेहरूंचा. तिसऱ्यात निदान त्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा, हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवालाचा, उल्लेख होता आणि सरकारने तो अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही हेही होतं. तेवढ्यावर घेतलं.

आता तक्रार. निम्म्या पुस्तकांना प्लास्टिकचं वेष्टण. पान उघडून बघायचं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काका, फोडलं की घ्यावं लागेल." मी म्हटलं, अरे, तारीख बघायचीय फक्त. तो म्हणाला, तारीख मागच्या कव्हरवर असते. त्याला किंमत म्हणायचं होतं. शेवटी वेष्टण फोडलेल्या प्रती कुठल्या कोपऱ्यात ठेवल्यात ते त्यानेच दाखवलं, डावीकडे, पंख्याखाली. तिथेच जा. मराठी अनुवाद घेताना शेवटची पानं आधी बघा, बहुतेकांत सूची गाळलेली असते. आणि युद्धाच्या पुस्तकात नकाशा नसला तर फुकट दिलं तरी घेऊ नका. अखनूर कुठे आणि छांब कुठे हे कळल्याशिवाय त्या दुपारची घाई कळत नाही.

एकूण दोन किलो चारशे ग्रॅम, सातशे वीस रुपये. त्यात माणेकशांचं चरित्र एकटंच नऊशे ग्रॅम, कारण फोटोंचा कागद आर्ट पेपर. प्रधानांचं पुस्तक त्याच्या निम्मंही भरलं नाही.