‘वॉर्डात आता भजने लावायची का?’ : अध्यात्म आणि आरोग्य यांवर बोलायला शिकविणाऱ्या एका कार्यशाळेविषयी

कर्करोगाच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना मला अध्यात्म हा शब्द रुग्णांच्या खाटेजवळ रोज ऐकू येतो, परंतु डॉक्टरांच्या मासिक बैठकीत तो उच्चारायचा म्हटले की माझा घसा कोरडा पडतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मी मोठ्या उत्साहाने सांगितले होते की, जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या व्याख्येतच आध्यात्मिक स्वास्थ्याचा समावेश केला आहे. समोर बसलेल्या एका ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी तिथल्या तिथे मोबाईलवर ती व्याख्या उघडून मोठ्याने वाचली. तिच्यात शारीरिक, मानसिक आणि सामाजिक असे तीनच शब्द होते. त्यानंतर त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘म्हणजे वॉर्डात आता भजने लावायची का?’’ सगळे हसले, आणि माझा विषय तेथेच संपला.

पुण्यातील एका संस्थेने घेतलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी साडेपाच हजार रुपये भरून गेले, त्याचे मूळ कारण हा प्रसंग. आरोग्यसेवा, शिक्षण आणि उद्योग या क्षेत्रांतील लोकांना अध्यात्माचे आरोग्यावरील परिणाम चारचौघांत ठामपणे मांडता यावेत, असा कार्यशाळेचा उद्देश माहितीपत्रकात दिलेला होता. आम्ही बावीस जण होतो. त्यांत परिचारिका आणि समुपदेशक अधिक होते, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागातील चौघे होते आणि निवृत्त शिक्षकांचे एक जोडपे होते. पुढे काही उणिवा सांगायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव येथे घेत नाही.

पहिल्या दिवसाची सकाळ सरळ वाया गेली. आवाजाची फेक, हातवारे, श्रोत्यांशी नजरानजर, ‘पॉवर पोझ’ म्हणजे आत्मविश्वास दाखविणारी उभे राहण्याची ढब, या गोष्टी वक्तृत्वाच्या कोणत्याही वर्गात मिळतात, आणि त्या शिकविणारे गृहस्थ आमच्या विषयापासून पुष्कळ दूरचे होते. त्यातही खटकले ते असे की, महाराष्ट्रात अध्यात्मावर उभे राहून बोलण्याची कीर्तनासारखी शतकानुशतकांची घडीव पद्धत असताना तिचा उल्लेखही झाला नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त मांडला जातो आणि उत्तररंगात आख्यान येते. आधी मुद्दा आणि मग गोष्ट हा क्रम कीर्तनकाराला कोणी स्लाइडवर बाण काढून शिकविलेला नसतो. आम्हाला मात्र तोच क्रम बाण काढून, इंग्रजी नावासह, नवीन शोध म्हणून शिकविण्यात आला.

दुपारपासून कार्यशाळेने पकड घेतली. सूत्रे हाती घेतलेल्या बाई स्वतः अनेक वर्षे उपशामक, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या, उपचारांच्या क्षेत्रात काम केलेल्या डॉक्टर होत्या, आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले की, या विषयावर बोलणाऱ्याची फजिती बहुधा त्याच्या दाव्याच्या आकारामुळे होते. त्यानंतरचे तीन तास त्यांनी एकेक दावा घेऊन तो कापून लहान कसा करायचा, हे दाखविले. ‘प्रार्थनेने रुग्ण बरे होतात’ या वाक्यापासून सुरुवात झाली. 1988 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका रुग्णालयात 393 हृदयरुग्णांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांच्यासाठी दुसऱ्यांनी प्रार्थना केली त्यांची प्रकृती काही बाबतींत बरी आढळली होती, आणि आजही अनेक व्याख्याते तेवढेच सांगून थांबतात. बाईंनी पुढची गोष्टही सांगितली. 2006 मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1802 रुग्णांवर बराच मोठा प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यात प्रार्थनेमुळे गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. आणि प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंत 59 टक्क्यांपर्यंत, म्हणजे इतरांपेक्षा थोडी जास्तच होती. बेन्सन हे ध्यानाचे विरोधक मुळीच नव्हते. जप आणि ध्यान यांमुळे शरीरात उमटणाऱ्या शिथिलतेच्या प्रतिक्रियेवर 1970 च्या दशकापासून त्यांनीच काम केले होते. वर्गात क्षणभर शांतता पसरली. निवृत्त शिक्षकांपैकी एकांना हे पटले नाही, आणि ते त्यांनी स्पष्टपणे बोलून दाखविले. बाईंनी त्यांची समजूत काढण्याच्या भरीस न पडता एवढेच विचारले की, हा प्रयोग ठाऊक असलेला श्रोता समोर आला तर तुम्ही काय उत्तर द्याल?

मग जे टिकते ते पुढे आले. अमेरिकेतील सुमारे 74 हजार परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारलेला टायलर व्हँडरवील आणि सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास असा की, आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, 16 वर्षांच्या काळातील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. येथेही दावा कापला गेला. ही निरीक्षणावरची पाहणी आहे, प्रयोग नव्हे. त्या स्त्रिया बहुतांशी ख्रिस्ती आणि गोऱ्या होत्या. आणि या फरकाचा सुमारे पाव हिस्सा सामाजिक आधाराने, तर जवळपास तेवढाच धूम्रपान कमी असल्याने उलगडतो. मला वाटते, हा हिशोब मांडल्यावर विषय अधिकच रसाळ होतो, कारण मग वारीतील दिंडीपासून सोसायटीतल्या भजनी मंडळापर्यंत माणसे एकमेकांना धरून कशी असतात, याकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहता येते. अर्थात दिंडीवर तसा अभ्यास झाल्याचा आव आणू नये, असे बाईंनी लगेच बजावले. तो आव आणण्याच्या बेतात असलेली मी एकटी नव्हते, हे इतरांच्या चेहऱ्यांवरून कळत होते.

ध्यानाच्या बाबतीतही त्यांची शिस्त तीच होती. 2014 मध्ये 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा लहान ते मध्यम परिणाम दिसला, पण औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. वर्गाला सर्वाधिक भावला तो मात्र अगदी छोटा, 2001 मधील इटलीतील प्रयोग. 23 निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधून रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना, म्हणायला लावली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि हृदयाची लय रक्तदाबाशी अधिक चांगली जुळली. वसईहून आलेल्या एक परिचारिका त्या वेळी म्हणाल्या की, सकाळपासून चाललेल्या गप्पांत त्यांच्या घरातली गोष्ट आत्ता पहिल्यांदा आली. त्यांचे म्हणणे रास्त होते. तोपर्यंत आपल्याकडचे म्हणून आलेले सगळे दाखले एकाच, हिंदू परंपरेतले होते, आणि सरकारी रुग्णालयात किंवा कारखान्यात बोलणाऱ्याला ही चूक परवडणारी नाही.

दुसऱ्या दिवशीच्या उलटतपासणीसाठी मी पुन्हा साडेपाच हजार देईन. प्रत्येकाने पाच मिनिटे बोलायचे आणि तिघांनी भूमिका वठवून त्याला अडवायचे, असे तिचे स्वरूप होते. एक संशयी डॉक्टर, एक ‘औषधे बंद करू का’ असे विचारणारा भाविक नातेवाईक, आणि एक कंपनी अधिकारी, ज्याला फक्त गैरहजेरी किती कमी होईल याचा आकडा हवा असतो. माझी पाळी आली तेव्हा मी ‘ध्यानाने रक्तदाब कमी होतो’ म्हटले मात्र, आणि तिन्ही बाजूंनी प्रश्न सुरू झाले. कोणाचा? कितीने? औषधाबरोबर की औषधाऐवजी? तीन प्रयत्नांनंतर माझे वाक्य असे झाले : हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यानाचा विचार करता येईल, इतपत सावध भूमिका अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये घेतली आहे. वाक्य लांब आणि बेचव झाले खरे, पण ते म्हणताना आवाज कापला नाही. भाविक नातेवाइकाची भूमिका सर्वांत अवघड होती, हे मात्र मला अपेक्षित नव्हते. संशयी डॉक्टरला आकडा देता येतो. ज्याला आपले बोलणे हवे त्याहून जास्त पटते, त्याला आवरायला निराळे कौशल्य लागते.

कायद्यावरचे अर्ध्या तासाचे सत्रही उपयोगी होते. 1954 च्या औषधे व चमत्कारी उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात ‘चमत्कारी उपचार’ या संज्ञेत मंत्र, ताईत आणि कवच यांचाही समावेश होतो, आणि कर्करोग किंवा मधुमेह त्यांनी बरा होतो अशी जाहिरात करता येत नाही, हे वर्गातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते. पुण्यात तर या विषयाला 2013 ची पार्श्वभूमी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या आणि त्यानंतर राज्यात झालेला जादूटोणाविरोधी कायदा हे श्रोत्यांच्या मनात असतेच. त्यामुळे अध्यात्म म्हणताच निम्मी सभा बुवाबाजीच्या शंकेने ताठ होते आणि उरलेली निम्मी ‘आता श्रद्धेवर टीका होणार’ म्हणून. या दोन्हींच्या मध्ये उभे राहून बोलायचे कसे, यावर खरे तर अख्खी दुपार द्यायला हवी होती.

एका बाबतीत माझा बाईंशी मतभेद राहिला. श्रोते पाहून शब्द बदला, असा त्यांचा सल्ला होता, आणि त्यासाठी त्यांनी जॉन कबात-झिन यांचा दाखला दिला. 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानाचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम उभा करताना त्यांनी बौद्ध परिभाषा जाणीवपूर्वक बाजूला ठेवली, म्हणून तो रुग्णालयांत स्वीकारला गेला. हे खरे आहे. परंतु जी साधना आपण शिकवतो तिचे मूळ कोठले, हे रुग्णाला कळण्याचा हक्क आहे असे मला वाटते; विशेषतः जेथे तो रुग्ण स्वतःच दुसऱ्या धर्माचा असेल तेथे. शिवाय त्याच्याही आधीचा दाखला पुण्याहून दीड तासावर आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, योगक्रियांचे क्ष-किरण आणि दाबमापकाच्या साहाय्याने प्रयोग केले आणि ते ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. त्यांनी योगाला योगच म्हटले, नाव झाकले नाही, आणि तरीही मोजमापाची भाषा सोडली नाही. दोन दिवसांत त्यांचे नाव एकदाही निघाले नाही, ही या कार्यशाळेची मला सर्वांत जास्त जाणवलेली उणीव.

जेवण साधे आणि चांगले होते. सर्व स्लाइड इंग्रजीत असल्यामुळे ग्रामीण भागातून आलेल्या परिचारिकांना त्रास झाला. पुढील तुकडीसाठी मराठी स्लाइड कराव्यात.

कार्यशाळेनंतर तीन महिन्यांनी मी पुन्हा त्याच बैठकीत उभी राहिले. या वेळी मी एकच मागणी ठेवली : डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी 1996 मध्ये तयार केलेल्या चार प्रश्नांच्या धर्तीवर, म्हणजे श्रद्धा, तिचे महत्त्व, समुदाय आणि उपचारांत घ्यायची दखल या अंगांनी, नोंदणीच्या वेळी रुग्णाला ‘आजारपणात तुम्हाला आधार कशाचा वाटतो?’ असे विचारावे. त्याने आजार बरा होईल, असे मी म्हटले नाही. त्याच शल्यचिकित्सकांनी विचारले की, उत्तर लिहायला कागदावर जागा किती लागेल. दोन ओळी, मी म्हटले. प्रश्न सध्या एका वॉर्डात प्रायोगिक तत्त्वावर सुरू आहे, आणि त्याला आलेल्या उत्तरांत देवाच्या खालोखाल नातवंडे आहेत.

समुपदेशक, परिचारिका आणि समाजसेवक यांनी ही कार्यशाळा जरूर करावी. व्यासपीठ गाजवायचे असेल त्यांनी पैसे वाचवावेत. मात्र सोबत मिळणारी पुस्तिका सावधपणे वाचावी. तिच्या चौदाव्या पानावर ठळक अक्षरांत छापले आहे की, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत आध्यात्मिक स्वास्थ्य समाविष्ट आहे. तसा प्रस्ताव 1998 मध्ये संघटनेच्या कार्यकारी मंडळापुढे आला होता, पण व्याख्या बदलली नाही. 1948 ची आहे तशीच आहे. मी संस्थेला पत्र लिहिले, आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू असे त्यांचे उत्तर आले. माझ्या प्रतीतील ती ओळ मी पेन्सिलीने खोडून ठेवली आहे.