कॅम्पर ट्रक बांधून घेताय? पॅनल लागायच्या आत शेडवर जा

टाटा ४०७ फोर-बाय-फोरच्या चासीवर राहण्याजोगी खोली बांधून घ्यायला मी एका बॉडीवाल्याला टप्प्याटप्प्याने १४ लाख रुपये दिले. चासीचे पैसे वेगळे. आज ती गाडी भावाच्या प्लॉटवर उभी आहे. तिचं पासिंग होत नाही, विमा कंपनी तिला दारात उभं करत नाही आणि प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. वकिलांनी बजावल्यामुळे त्या माणसाचं नाव लिहीत नाही. तसंही नाव कळून फार उपयोग नाही, दुकानावरची पाटी तो बदलत असतो. बदलत नाही ती त्याची पद्धत, आणि तीच इथे सविस्तर लिहितोय.

माणूस अडाणी नव्हता, हे आधी सांगतो. या कामातलं त्याला सगळं कळत होतं. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की ही चासी पिळली जाते, आणि पिळली जावी अशीच ती बनवलेली असते. त्यामुळेच चाकं जमीन धरून राहतात. वर बसवायची खोली मात्र कडक डबा असतो, ती पिळली गेली तर फाटते. म्हणून दोघांच्या मधे वेगळी सबफ्रेम लागते आणि ती तीन ठिकाणी पिव्होटवर, म्हणजे फिरत्या सांध्यावर, किंवा स्प्रिंग घातलेल्या बोल्टांवर बसवतात. युरोपात युनिमॉग या मर्सिडीजच्या ऑफ-रोड ट्रकवर नाहीतर जुन्या लष्करी ट्रकांवर असे डबे चढवतात, तिथेही हेच करतात. त्याने मला हे कागदावर पेन्सिलीने काढून समजावलं होतं. चासीच्या फ्लँजला, म्हणजे चॅनलच्या आडव्या कडेला, भोक पाडायचं नाही, वेल्डिंगचा साधा टाकासुद्धा मारायचा नाही, हेही मी त्याच्याच तोंडून ऐकलं. ज्याला येत नाही त्याच्या हातून काम बिघडलं तर समजू शकतो. याने बरोबर काय ते तोंडपाठ सांगितलं आणि नेमकं उलटं केलं, कारण बरोबर सबफ्रेमला वेळ लागतो, लेथचं काम निघतं, आणि वर डबा बसला की तिच्याकडे वाकून कोण बघतो?

खरी मेख पैशांच्या टप्प्यांत होती. ४० टक्के ॲडव्हान्स, डबा उभा राहिला की ३०, आतलं फर्निचर झालं की २० आणि ताबा देताना १०. ऐकायला सरळ वाटतं. पण यातला प्रत्येक टप्पा मोबाइलवर फोटो पाठवून ‘झाला’ म्हणता येतो. सबफ्रेम तपासून घेतल्यावर अमुक, इन्सुलेशन उघडं असताना दाखवल्यावर तमुक, काट्यावर वजन झाल्यावर इतके, असं त्यात काहीच नाही. दिसणारं काम आधी उरका आणि न दिसणाऱ्यावर वेळ घालवू नका, असं तो करारच त्याला सांगत होता.

झालंही तसंच. डबा बघता बघता उभा राहिला आणि मग काम ठप्प. ‘सर, खिडक्या बाहेरून यायच्यात’, ‘सर, कारागीर गावाला गेलेत’, ‘सर, पेंट चालू आहे, आता येऊ नका, धूळ बसेल’. शेडला कुलूप आणि व्हॉट्सॲपवर फोटोंचा रतीब. त्यातल्या एका फोटोत खिडकी दाराच्या उजवीकडे होती, आमच्या गाडीला ती डावीकडे आहे. बायकोने फोन करून विचारलं, तर म्हणतो, ‘वहिनी, सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय, त्यात उलटं दिसतं.’

पैसे कुठे जात होते ते नंतर त्याच्याच वेल्डरकडून कळलं. लातूरकडचा पोरगा, मजुरी थकलेली. घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, ‘काका, तुमच्यासाठी आणलेले चॅनल मागल्या गिऱ्हाइकाच्या ट्रॅव्हलर गाडीला लागले. तुमच्या गाडीला नव्या गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स आला की मग हात लागायचा.’ म्हणजे दुसऱ्याच्या पैशात पहिल्याची गाडी आणि तिसऱ्याच्या पैशात दुसऱ्याची. शेडमध्ये चार-पाच अर्धवट गाड्या उभ्या दिसल्या की माणसाला वाटतं, काय मागणी आहे याला! त्या गाड्यांच्या मालकांना गाठा. शेवटचा हप्ता कधी दिला आणि त्यानंतर गाडीत काय हललं, एवढंच विचारा.

ताबा मिळाल्यावर पहिल्यांदा गाडी लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला घातली. उधेवाडीपर्यंत जायचा विचार नव्हताच, एवढ्या उंच डब्याला फांद्या लागतात. एका मोठ्या दगडावर पुढचं डावं चाक चढलं आणि मागच्या खोलीचं दार खाडकन उघडलं. लावायला गेलो तर कडी बसेना, चौकटच तिरकी झालेली. गाडी सपाटीला आणली की दार झक्कास लागायचं, चाक परत वर चढवलं की परत तिरकं. चासीबरोबर डबाही पिळला जातोय हे सांगायला याहून वेगळा पुरावा लागत नाही. खाली झोपून टॉर्च मारला. सबफ्रेमच्या नावाखाली दोन चॅनल, चासीच्या वरच्या फ्लँजला सरळ वेल्ड केलेले. जोडावर पुट्टी आणि काळा रंग. शेजारी स्प्रिंगवाले चार बोल्टही होते, पण स्प्रिंग हाताने गरागरा फिरत होत्या, कारण त्यांच्यावर कसलाच भार नव्हता. नुसते दाखवायला बसवलेले. पुढे एका ओळखीच्या मेकॅनिककडे रंग खरवडून भेगा दाखवणारी लाल डाय मारून बघितली, तेव्हा मागच्या वेल्डच्या टोकापासून चासीत निघालेली भेग पांढऱ्या पावडरीवर लाल रेघेसारखी उमटली.

मग छत उघडलं. कोटेशनमध्ये लिहिलं होतं, ५० मिलिमीटर पीयू फोमचं सँडविच पॅनल, दोन्ही बाजूंना एफआरपी, म्हणजे फायबरचा पत्रा. निघाला लोखंडी चौकोनी पाइपांचा सांगाडा, बाहेरून दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती एसीपी शीट, आणि मधे थर्माकोल. थर्माकोलही शीटचा नाही, फ्रिज-टीव्हीच्या खोक्यांतले तुकडे. एका तुकड्यावर ‘ही बाजू वर’ असा बाण होता, तो खाली तोंड करून बसवलेला. एसीपीच्या दोन पातळ पत्र्यांमधे साधारणपणे प्लॅस्टिकचा गाभा असतो आणि तो पेट घेतो. त्यात झोपायचं होतं आम्हाला. शिवाय लोखंडी पाइप आतून बाहेरपर्यंत सलग असेल तर थंडी त्याच्यातूनच आत येते आणि रात्री माणसांच्या श्वासाचं पाणी त्या पाइपांच्या रेषेत छताला धरतं. स्पितीतली ‘कुंझुम ला’ ही खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथे अशा डब्यात रात्र काढायची तर आत वेगळा पाऊस. पॅनल खरं आहे का ते ओळखणं सोपं आहे: खिडकीसाठी कापलेला तुकडा मागून घ्या. खऱ्या सँडविच पॅनलच्या कापात फोमचा सलग थर आणि दोन्हीकडे चिकटलेली कातडी दिसते. असा तुकडा द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे तो नसतो.

बॅटरीवर स्टिकर होता २०० ॲम्पिअर-अवर लिथियम फेरो फॉस्फेटचा. १२.८ व्होल्टला हे २५६० वॉट-अवर होतात. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन हॅलोजन बल्ब लावून ठेवले तर ती रात्रंदिवस मिळून २३ तासांच्या आसपास चालायला हवी. आमची सकाळी लावली ती दुपारच्या जेवणाआधी बंद. खोकं उघडलं, तर सेलच्या पट्ट्यांवर आधीच्या जोडाचे डाग, म्हणजे कुठल्या तरी जुन्या पॅकमधून काढलेले, आणि उरलेली जागा भरायला पॅकिंगचा फोम. उचलूनही कळतं खरं तर: या क्षमतेची बॅटरी वीस किलोच्या वर भरते, ही एका हाताने उचलली. थंड मुलुखात जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. या जातीचे सेल शून्य अंशाखाली चार्ज केले तर कायमचे बिघडतात, म्हणून बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग तोडण्याची सोय लागते. आमच्यात ती नव्हती.

इथवरचं सगळं पैशाचं. हीटरचं मात्र जिवाचं होतं. जर्मन म्हणून लावलेला डिझेल हीटर स्वस्तातली नक्कल निघाला, ते एक वेळ सोडून देऊ. पण त्याच्या धुराड्याचा सांधा बेडखालच्या कपाटात होता. जळण्यासाठी लागणारी हवाही तो आतूनच ओढत होता. धुराचा पाइप सांधा न ठेवता जमिनीतून सरळ बाहेर काढायचा आणि हवा बाहेरून घ्यायची, हा या हीटरचा पहिला नियम. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मुलीने ऑनलाइन मागवलेला छोटा अलार्म बेडजवळ चिकटवला होता, तो हीटर लावल्यावर थोड्या वेळात कोकलायला लागला. मी बॉडीवाल्याला फोन केला. उत्तर आलं, ‘सर, ते अलार्म चायनाचे असतात, उगाच वाजतात.’ त्या दिवसापासून त्याच्याशी तोंडी बोलणं बंद केलं, जे काय ते लेखी.

वजनाच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या बाजूने झाली. चासी त्याच्या ताब्यात देण्याआधी मी ती काट्यावर घालून पावती जपून ठेवली होती. पूर्ण गाडी परत त्याच काट्यावर चढवली, पाण्याची टाकी रिकामी ठेवून. फर्निचरसकट डब्याचं वजन ९०० किलो लिहून दिलं होतं, फरक साडेपंधराशेच्या पुढे निघाला. आश्चर्य नाही, हलका प्लाय ठरलेला असताना सगळीकडे १८ मिलिमीटरचा मारला होता. त्याची ८ बाय ४ ची एक शीटच पस्तीस किलोच्या घरात जाते. नुसती मागची चाकं काट्यावर ठेवून मागच्या ॲक्सलचा भार वेगळा काढता येतो, तोही काढा. काटेवाले तेवढ्याला नाही म्हणत नाहीत.

आता कागद. ‘आरटीओचं माझ्यावर सोडा’ हे वाक्य ऐकलं की उठून यावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचं वर्णन बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. केला तर कलम १८२अ नुसार दर फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि हे मालकाला, बांधणाऱ्याला नव्हे. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे आणि मंजुरी विशिष्ट मॉडेलला, विशिष्ट उत्पादकाच्या नावाने मिळते. मला दाखवली ती पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या दाखल्याची झेरॉक्स होती, वरची पट्टी कागद ठेवून झाकलेली. पट्टीखाली दुसऱ्याच कुणाचं नाव आणि दुसरीच चासी होती, हे आयोगात मूळ प्रत मागितल्यावर बाहेर आलं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं कात्रण त्याने ऑफिसात फ्रेम करून लावलं आहे. ते धोरण पर्यटनाचं आहे, त्याने गाडीची मंजुरी माफ होत नाही. पण ‘सरकारच पाठीशी आहे’ म्हणायला ती फ्रेम बरी पडते.

पोलिसांनी ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून अर्ज ठेवून घेतला. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते, दहा ते वीस लाखांना फी फक्त ४०० रुपये, मुदत दोन वर्षांची. दाखल करणं अवघड नाही. अवघड काय, तर त्याची बिलं. कॅम्पर बांधल्याचं एकही बिल नाही. एक ‘फर्निचर कामाचं’, एक ‘रंगकामाचं’, एक ‘इलेक्ट्रिकलचं’, आणि तिन्ही वेगवेगळ्या फर्मच्या नावावर. सगळा व्यवहार एकच होता हे सिद्ध करायला व्हॉट्सॲपचे मेसेज आणि बँकेच्या नोंदी जोडत बसलोय. आणि त्याच्या वकिलाचा पहिला मुद्दा काय असावा? आरसीवर अजून मालवाहू गाडी आहे, नंबरप्लेट पिवळी आहे, सबब तक्रारदाराने गाडी धंद्यासाठी घेतली, सबब तो ग्राहकच नव्हे! आरसी बदलून द्यायचे पैसे घेतले त्यानेच, बदलली नाही त्यानेच, आणि त्याचाच आता बचाव. आमच्या वकीलबाईंनी आरटीओ एजंटच्या नावाने घेतलेल्या रकमेचा त्याचाच मेसेज समोर ठेवला. त्यावर पुढची तारीख पडली आहे.

दरम्यान त्याने नव्या नावाने काम सुरू केलं आहे आणि जाहिरातीत आमच्याच गाडीचे फोटो फिरतायत: पांढरा डबा, कडेने भगवी पट्टी, मागे काळी शिडी, डाव्या खिडकीवर हिरवी चांदणी. तो फोटो दाखवून कुणी ॲडव्हान्स मागत असेल, तर गाडी बघायला मागा. ती त्याच्याकडे नाही.