सोसायटीच्या गेट अ‍ॅपला दोन स्टार, तेही वॉचमनकडे बघून

आमच्या सोसायटीत हे गेटवालं अ‍ॅप येऊन आठ महिने झाले, म्हटलं आता लिहावं. नाव घेत नाही, अशी बरीच आहेत.

चांगलं आधी सांगते. पार्सलवाला आला की मोबाईलवर विचारतं, हो म्हटलं की सोडतात, इंटरकॉमची किटकिट संपली. पूर्वी गेटवर जाडी वही असायची, दोरीला बांधलेलं पेन, आणि सही करता करता आपल्या आधी कोण कुठल्या फ्लॅटला गेलं, नंबर काय, सगळं वाचून व्हायचं. म्हणजे वही काही फार सोवळ्यातली नव्हती.

पण परवा मामा आले गावाहून, वय 78. वॉचमनने फोन सरळ तोंडासमोर धरला, फोटो, मग नंबर, मग ओटीपी, मामा चष्मा शोधतायत आणि मागे चार डिलिव्हरीवाले खोळंबलेत. वर आल्या आल्या म्हणाले, "अगं, मला वाटलं चौकीत हजेरी लावायला आलो." आता हा फोटो किती दिवस राहणार? वॉचमनला माहीत नाही, सेक्रेटरी म्हणतात कंपनीला विचारा, कंपनीचा चॅट म्हणतो सोसायटीला विचारा.

खरं डोकं फिरलं ते आमच्या कामवाल्या काकूंमुळे. अ‍ॅपमध्ये त्यांचा फोटो, आणखी कुठल्या कुठल्या फ्लॅटमध्ये काम करतात, रोज किती वाजता आत किती वाजता बाहेर, वर स्टार! कुठल्याही फ्लॅटवाल्याला दिसतं. काकूंना मी स्क्रीन दाखवली तर त्या दोन मिनिटं बघतच राहिल्या, त्यांच्या फोनमध्ये हे अ‍ॅपच नाही. संमती कोणी दिली मग? कमिटीने. शिवाय आधारची पूर्ण झेरॉक्स घेतली, ती वेगळीच. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार निघतं हे कमिटीत कोणाच्या गावी नाही.

2017 मध्ये 24 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, कलम 21 मधला. केस लावणारे पुट्टास्वामी स्वतः निवृत्त न्यायमूर्ती, 2012 मध्ये आधारविरुद्ध कोर्टात गेले होते. पण तो हक्क मुख्यतः सरकारपुढे चालतो, खासगी कंपनीला धरायचं तर वेगळा कायदा लागतो, तो आला 2023 मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्यात लिहिलंय की संमती मोकळेपणाने दिलेली हवी, कामापुरताच डेटा घ्यायचा, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणं सोपं पाहिजे. संमती मागताना द्यायची नोटीस घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांपैकी कुठल्याही भाषेत मागता आली पाहिजे, म्हणजे मराठीतही. दंड 250 कोटींपर्यंत. गंमत म्हणजे कागदी वही या कायद्यात येतच नाही, तिच्यातली माहिती कॉम्प्युटरवर चढवली तरच येते. आणि नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, त्यात मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना 18 महिने दिलेत, तोवर यांचं निवांत चाललंय.

मी अकाउंट डिलीट करायला गेले. चालू करताना एक ओटीपी पुरला होता, बंद करायला ईमेल, कारण, आणि कमिटीची मंजुरी! माझ्याच नंबरसाठी. प्रायव्हसी पॉलिसी अख्खी इंग्रजीत, मराठीत द्या म्हटलं तर "युवर फीडबॅक इज व्हॅल्युएबल". अकरा दिवस झाले त्याला.

सुरक्षा पाहिजे हो, आमच्याकडे दोन सायकली गेल्यात. पण सायकल न्यायला आलेल्याने काही ओटीपी दिला नसता.

कमिटीला पत्र दिलंय, काकूंचे स्टार आणि वेळा बाकीच्यांना दिसणं बंद करा म्हणून. सेक्रेटरी म्हणाले ती सेटिंग आहे, बघतो. काकूंनी मात्र एकच विचारलं, "ताई, मला किती दिलेत?" साडेतीन आहेत. मी सांगितलं नाही.