कॉन्व्हेंट की जिल्हा परिषदेचं सेमी? पहिलीत टाकण्याआधी

सध्या गावात एकच चर्चा, पोट्ट्याले पिवळ्या बसनं तालुक्याच्या कॉन्व्हेंटमधे धाडायचं की गावातल्याच जिल्हा परिषदेच्या सेमी-इंग्रजीत टाकायचं. कॉन्व्हेंटवाले म्हणतात पहिलीपासून सगळं इंग्रजीतून शिकलं की पोरं हुशार होतात, परदेशात सिद्ध झालंय. झालंय, पण कुठं अन कसं ते बघा ना भाऊ.

कॅनडात मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्टला 1965 मधे इंग्रजी घरातल्या पोरांना फ्रेंचमधून शिकवणं सुरू केलं, सुरुवातीला ती इंग्रजी वाचनात मागं पडली पण शाळेत इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर काही वर्षांत बरोबरीला आली अन गणितातही मागं राहिली नाही. अमेरिकेत पोर्टलंडला असल्या, दुसऱ्या भाषेतून शिकवणाऱ्या शाळेचे प्रवेश लॉटरीनं होतात, म्हणून नंबर लागलेल्या अन न लागलेल्या पोरांची तिथली तुलना जास्त भरवशाची. 2015 च्या अभ्यासात आठवीपर्यंत ही पोरं इंग्रजी वाचनात साधारण 9 महिन्यांच्या शिक्षणाइतकी पुढं निघाली, गणित-विज्ञानात मात्र काहीच फरक नाही. आता गंमत अशी की कॅनडातल्या मास्तरांना फ्रेंच अस्खलित यायची, अन पोरगं घरच्या भाषेत बोललं तरी ते समजून घ्यायचे. आपल्याकडं मराठीत बोललं की दंड, अन मॅडम स्वतः गाईड बघून शिकवते. दोन्हीला इंग्लिश मिडीयमच म्हणतात, पण ते एक नाही ना बावा.

शेजारचं तिसरीतलं पोट्टं कॉन्व्हेंटचं, पाढे फाडफाड इंग्रजीत. पुस्तकातलं शाब्दिक गणित दिलं तं नुसतं वाचत बसलं, बेरीज करू की गुणाकार हे मलेच विचारे. तेच मी वऱ्हाडीत सांगितलं, सोयाबीनचे 6 कट्टे, एकात 50 किलो, तं तोंडीच 300 म्हणून मोकळं झालं.

सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठी. फी नाही, पुस्तकं फुकट, खिचडी मिळते, शाळा पायी. खोट एकच पण मोठी: मास्तर बदलून गेला की सेमी नुसतं बोर्डावर राहते, अन दोन वर्ग एकाच मास्तराकडं असले तं विचारूच नका. बोलायचं इंग्रजी कॉन्व्हेंटमधे जास्त कानावर पडते हेही खरंच, त्याचा धीटपणा येतो. आरटीईच्या 25 टक्के मोफत जागांत नंबर लागला अन शिकवणारी चांगली असली तं कॉन्व्हेंटले नाही म्हणू नका.

पण नवोदय डोक्यात असंल तं हे बघा, पाचवीतली ती परीक्षा मराठीतून देता येते, अन नवोदयातही सुरुवातीचे वर्ग मातृभाषेतून, मग नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत. म्हणजे सरकारच्या सगळ्यात नावाजलेल्या ग्रामीण शाळेलेच पहिलीपासून इंग्रजीची घाई नाही, मग आपल्याले काहून?

मेळघाटात मात्र हिशोब वेगळा. घरी कोरकू बोलणाऱ्या लेकराले शाळेतली मराठीच दुसरी भाषा, त्यात वरून इंग्रजी टाकली तं तिथं कोरकू समजणारा मास्तर आधी पाहिजे.

मी असतो तं सेमीतच टाकलं असतं, पण आधी वर्गात जाऊन बसलो असतो. शाळा आपल्याकडं विदर्भात जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा चौथीतल्या एखाद्या पोराले शाब्दिक गणित द्या अन त्याच्याच भाषेत समजावून सांगायले लावा, दोन्ही शाळेत तेच करा.